चित्रकथेचा छापखाना कोणाच्या हाती?

(उदगीर येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यापुढे झालेले भाषण)

चित्रकथा हा शब्द उच्चारला की सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर एक सहनशील स्मित उमटते. पोरांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची वस्तू, तिच्यावर राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत तासभर बोलायचे काय, असा प्रश्न त्या स्मितामागे असतो. परंतु ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर मूठभरांच्या मालकीचे राहिले, आणि निजामी अमलात तर घरची भाषा एक व सरकारी शाळेची भाषा दुसरी अशी अवस्था होती, त्या मराठवाड्यात तरी चित्राला कमी लेखण्याचे धाडस कोणी करू नये. जे पत्रक वाचले जात नाही ते चित्र पाहिले जाते, हा प्रत्येक कार्यकर्त्याचा अनुभव आहे.

चित्रांतून कथा सांगण्याची कला परदेशातून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. संग्रहालयांतून ‘पैठणची चित्रे’ या नावाने जी जतन केलेली आहेत ती चित्रकथी परंपरेचीच. सुटे कागद, त्यांवर रामायण-महाभारतातले प्रसंग, आणि एकेक कागद श्रोत्यांपुढे धरून गात गात कथा सांगणारा माणूस. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या गावी ठाकर समाजाने ही कला जिवंत ठेवली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या परंपरेतली एक गोष्ट आजच्या विषयासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. चित्रांची पोथी चित्रकथ्याच्या स्वतःच्या घरची होती. ती तो स्वतः वाहून नेई, स्वतः उलगडी आणि स्वतः बांधून ठेवी. धान्य कमी मिळे, मानही फारसा नसे. पण त्याची पोथी बंद करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

छपाईच्या युगात हे बदलले. रंगीत चित्रकथा छापायची म्हणजे चार रंगांसाठी चार प्लेटा, चांगला कागद, सोळा पानांचा एकेक फॉर्म, आणि पहिली प्रत हाती येण्यापूर्वीच सगळा खर्च झालेला. शंभर प्रती काढा की हजार काढा, आरंभीचा खर्च तोच. म्हणून हा व्यवसाय स्वभावतःच मोठ्या भांडवलाकडे गेला. मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या मालकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले व मराठी मुलांना आफ्रिकेतल्या कल्पित जंगलात राहणारा वेताळ दिला. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्रकथा’ आली. तिने पुराणे व इतिहास दिला, आणि काय दिले नाही यावर बरीच टीकाही ओढवून घेतली. तिसरा ‘चांदोबा’, जो मद्रासेत छापला जाई आणि तेलुगू-तमिळपासून मराठीपर्यंत सर्व भाषांत तीच चित्रे वापरी. बदले तो केवळ मजकूर. मराठी मुलाच्या हाती जी चित्रकथा पडली ती बहुधा अशी दुसरीकडे ठरलेली, दुसरीकडे रेखाटलेली आणि मराठीत आणलेली होती. तिने मुलांना वाचनाची गोडी लावली हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण लातूरच्या बाजारातली हमालाची पोर किंवा उसाच्या फडावर जाणारे कुटुंब या पानांत कधी दिसले नाही, हेही नाकारता येत नाही.

स्वतंत्र वृत्तीच्या मराठी चित्रकाराला मग जागा कोठे होती? दिवाळी अंकांत होती. ‘आवाज’ने तर खिडकीचित्रांची स्वतंत्र परंपराच निर्माण केली. वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात होती. १९९१ साली चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ दैनिकातून रोज घरात येऊ लागला तेव्हा मराठी संसाराची, मराठी वाड्या-सोसायटीची चित्रमालिका महाराष्ट्राला प्रथमच इतक्या सातत्याने मिळाली. पण ही जागा दुसऱ्याच्या घरातली होती. लेखकांना जे साधले ते चित्रकारांना साधले नाही, याचे कारण तांत्रिक आहे. १९५४ मध्ये मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित स्वरूपात निघाले, आणि पुढे साठच्या दशकात अशा अनियतकालिकांनी मराठी साहित्याचे वळण बदलून टाकले. औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. थोडे कागद, थोडी शाई आणि भरपूर हट्ट एवढ्या भांडवलावर शब्द उभा राहू शकला. चक्रमुद्रणाच्या स्टेन्सिलवर रेघ नीट उमटत नसे, छटा तर मुळीच नाही. म्हणून चित्रकथेचे ‘शब्द’ किंवा ‘असो’ मराठीत निघाले नाही. मराठीत स्वतंत्र चित्रकथा का रुजली नाही, याची मीमांसा करताना रसिकतेच्या अभावाचा दोष वाचकांवर टाकण्याआधी छपाईचा हिशेब मांडलेला बरा.

आता ही आरंभीच्या खर्चाची भिंत कोसळली आहे. काढलेले चित्र संगणकावर रंगवायचे, दूरध्वनीच्या पडद्यावर पोहोचवायचे; प्लेट नाही, फॉर्म नाही, कागद नाही, गठ्ठे नाहीत. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि उदगीरच्या मोंढ्यातल्या हमालाच्या खिशातही पडदा आला. या बदलाचे स्वागत कोणीही श्रमिकांचा पक्षपाती करील. प्रश्न एवढाच की भिंत पडली तेव्हा जमीन कोणाच्या नावावर चढली.

याचे उत्तर शोधताना ‘चांदोबा’ची कहाणी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या महिन्यात, नागिरेड्डी व चक्रपाणी यांनी ‘चंदामामा’ काढला. मराठी ‘चांदोबा’ पन्नासच्या दशकात आला. मराठवाड्याच्या सीमेवर त्याचा वेगळाच उपयोग होता. उदगीर-देगलूर पट्ट्यात एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे तेलुगू. तिघांकडे तीच चित्रे, तीच विक्रम-वेताळाची कथा, भाषा मात्र आपापली. अर्धशतकानंतर हे मासिक आर्थिक अडचणीत आले. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने त्याची बहुतांश मालकी विकत घेतली. आता चांदोबा संगणकावर येणार, जुने अंक सर्वांना खुले होणार, अशा घोषणा झाल्या, आणि काही काळ जुने अंक संकेतस्थळावर खरोखरच वाचायला मिळाले. लोकांना आनंद झाला. पण कंपनीचा जीव चांदोबात नव्हता. तिने परदेशात रोखे विकून कर्ज उभारले होते, ते थकले. छापील अंक २०१३ च्या सुमारास थांबले. पुढल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. नंतर संकेतस्थळही बंद पडले. साठ-पासष्ट वर्षांचा बालवाङ्मयाचा ठेवा एका दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेच्या यादीतली एक नोंद होऊन बसला.

आज जुना ‘चांदोबा’ वाचायचा असेल तर तो वाचता येतो. पण त्याचे श्रेय कंपनीला नाही. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने अंक होते अशा वाचकांनी ते पान पान करून प्रतिमाबद्ध केले आणि सार्वजनिक संग्रहस्थळांवर ठेवले. १९९० मध्ये बंद पडलेल्या ‘इंद्रजाल’चेही तेच झाले. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने हे लोक स्वामित्वहक्काचा भंग करणारे ठरतील. ठरोत. ज्याच्याकडे हक्क होता त्याने ठेवा सांभाळला नाही आणि ज्यांना हक्क नव्हता त्यांनी सांभाळला, एवढी वस्तुस्थिती मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. त्यांना सांभाळता आले, कारण कागद होता. जे केवळ पडद्यावरच जन्मले आणि पडद्यावरच मेले त्याच्यासाठी कोणाच्याही माळ्यावर काही नसेल.

याच्या शेजारी ‘किशोर’ ठेवून पाहा. नोव्हेंबर १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, हे मासिक सुरू केले. सरकारी मासिक म्हणून त्याला नावे ठेवणारे कमी नव्हते. त्यातले काही आक्षेप खरेही असतील. पण ‘किशोर’चे पहिल्यापासूनचे जुने अंक आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. उदगीर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या मुलाला १९७० च्या दशकातला अंक हवा असेल तर कोणाचा परवाना लागत नाही. दोन्ही मुलांची मासिके, दोन्ही कागदावरून पडद्यावर गेली. एक खाजगी भांडवलाच्या हाती गेले आणि त्याच्याबरोबर बुडाले, दुसरे सार्वजनिक संस्थेकडे होते म्हणून राहिले. तंत्रज्ञान दोन्हीकडे सारखेच होते.

एवढ्यावरून नव्या माध्यमाला शत्रू ठरवणे मात्र चूक होईल. नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांचे उदाहरण पाहावे. शिक्षण दंतवैद्यकाचे, ओढा जंगलाकडे आणि चित्राकडे. त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यप्राण्यांची व्यंगचित्रमालिका इंटरनेटवर सुरू केली तेव्हा कोणत्याही संपादकाची परवानगी लागली नाही. वाघ, माळढोक, खाण कंपन्या, वनखात्याचे फतवे हे सर्व तिच्यात आले. २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वितरणसंस्थेने ती स्वीकारली, मग वृत्तपत्रांनी मागितली, आणि २०२१ मध्ये तिचे मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून पुस्तक निघाले. येथे प्रवास उलटा आहे: आधी पडदा, मग कागद. खाणीविरुद्ध बोलणारी चित्रमालिका आरंभी एखाद्या जाहिरातजीवी वृत्तपत्राच्या दारात गेली असती तर किती काळ उंबऱ्यावर बसली असती, याची कल्पना कार्यकर्त्यांना आहे. दुःख एवढेच की ही मालिका मुळात इंग्रजीत आहे. मुंबईचे अभिजीत किणी यांनी २०१२ मध्ये स्वतःच्या हिमतीवर ‘अँग्री मावशी’ काढली. भ्रष्टाचाऱ्यांना चोपणारी नायिका अस्सल मराठी, पण तीही इंग्रजी बोलते. मराठी मावशीला मराठी बोलण्याइतका ग्राहक मिळू नये, ही खंत किणींनी नव्हे, मराठी वाचकांनी बाळगायची आहे.

आणखी एक पुस्तक येथे आठवते. नर्मदा खोऱ्यातील आंदोलनावर ओरिजित सेन यांनी केलेली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही दीर्घ चित्रकथा १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी संस्थेने छापली. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावे बाधित झाली. त्या प्रश्नाची ही चित्रकथा भारतातली पहिली ‘ग्राफिक कादंबरी’ मानली जाते. प्रती थोड्या, त्या संपल्या, आणि पुस्तक वर्षानुवर्षे दुर्मिळ होऊन बसले. २०२२ मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाने ते पुन्हा छापले. मधल्या काळात मोठ्या प्रकाशकांनी चित्रकथांची दालने सजवली, पण विस्थापितांचे हे पुस्तक पुन्हा काढण्याची घाई त्यांना झाली नाही. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली ‘ए गार्डनर इन द वेस्टलँड’ ही चित्रकथाही २०११ मध्ये ‘नवयान’ या अशाच छोट्या प्रकाशनाने काढली. कागदावर असो की पडद्यावर, धोका पत्करतो तो छोटा माणूस.

या छोट्या माणसाच्या हिशेबाकडे आता वळले पाहिजे, कारण घोषणांपेक्षा तेथे राजकारण अधिक स्पष्ट दिसते. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. परंतु ज्या कागदावर ते छापायचे त्याच्यावरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. वह्यांचा कागद तेवढा करमुक्त झाला. पुस्तकच करमुक्त असल्याने कागदावर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही. तो किमतीतच मिसळतो. आता पडद्यावरचे पाहा. २०१८ मध्ये सरकारने ई-पुस्तकावरील कर पाच टक्क्यांवर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकापुरता. जी चित्रकथा केवळ पडद्यासाठीच जन्मली तिला ही सवलत नाही. तिच्यावर अठरा टक्के. म्हणजे ज्याच्यापाशी छपाईचे भांडवल आहे त्याला पडद्यावरही सवलत, आणि ज्याच्यापाशी ते नाही म्हणून जो पडद्याकडे वळला त्याच्यावर जादा बोजा. उलाढाल कमी असलेल्यांना नोंदणीतून सूट असते हे खरे. पण कराची रचना कोणाला मनात धरून झाली आहे ते यातून लपत नाही.

टपालाचे तेच. नोंदणीकृत बुकपोस्ट ही सवलत छोट्या प्रकाशकाचा कणा होती. उदगीरहून चंद्रपूरला पुस्तक धाडायचे तर तिच्यावाचून परवडत नसे. १८ डिसेंबर २०२४ रोजी ती बंद झाली. ओरड झाल्यावर मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ नावाची योजना आली: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांना ती लागू आहे; जाहिराती असलेली नियतकालिके तिच्यात बसत नाहीत. चित्रकथा ज्ञानात मोडते किंवा कसे, याचा निकाल आता टपालखिडकीवरचा कारकून देणार! कागदावरून पडद्याकडे जाणे हा चित्रकाराचा स्वेच्छानिर्णय असल्याचे जे सांगितले जाते त्यात अशा लोटालोटीचा भाग किती, हेही पाहिले पाहिजे.

पडद्यावर गेल्यावर तरी दलाल संपतो काय? छापील पुस्तकाच्या व्यवहारात किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाटा वितरक-विक्रेत्यांकडे जातो. त्याबद्दल प्रकाशकांनी आयुष्यभर कुरकुर केली. आता चित्रकथेचे ॲप काढून दूरध्वनीवरील दुकानात ठेवले तर दुकानाचा मालक विक्रीतील पंधरा ते तीस टक्के घेतो. हा वाटा जुन्या वितरकापेक्षा कमी दिसतो. पण आप्पा बळवंत चौकातल्या वितरकाशी भांडून दुसऱ्याकडे जाता येत असे. येथे जवळजवळ सर्व देशाच्या दूरध्वनींना दुकाने दोनच. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच दुकानदारीवरून गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६ कोटींवर आला. कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम काय असेल ते सांगणे नको. याच्या उलट, दहा रुपयांची चित्रकथा थेट वाचकाला देऊन यूपीआयने पैसे घेतले तर २०२० पासून विक्रेत्याला शुल्क पडत नाही, कारण ती व्यवस्था सार्वजनिक निर्णयाने उभी राहिली आहे. दहाच्या दहा रुपये चित्रकाराच्या हाती. मक्तेदारीला पर्याय नसतो असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी एवढा एक हिशेब करून पाहावा.

मित्रहो, पैशापेक्षाही नाजूक बाब स्वातंत्र्याची आहे. मराठवाड्याला ती शिकवावी लागत नाही. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते निजामी राजवटीच्या डोळ्यांत सलले. बंदी आली की नवे नाव घ्यायचे आणि पत्र पुन्हा काढायचे, असा झगडा त्यांनी चालवला. नाव बदलले तरी वाचक ओळखत असे, आणि जो अंक एकदा संस्थानात शिरला तो घराघरांतून परत गोळा करणे पोलिसांना शक्य नव्हते.

हीच कसोटी तमिळनाडूतील एका उदाहरणाला लावून पाहावी. १९८७ मध्ये ‘आनंद विकटन’ने मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांची थट्टा करणारे व्यंगचित्र छापले. विधानसभेने संपादक एस. बालसुब्रमण्यम यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. लोक खवळले, संपादक काही दिवसांतच सुटले, आणि पुढे उच्च न्यायालयाने त्यांना एक हजार रुपयांची नाममात्र भरपाई दिली. या सर्व काळात तो अंक मात्र लाखो घरांत होता. सभागृहाला संपादक पकडता आला, चित्र पकडता आले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या केवळ पडद्यावर निघणाऱ्या ‘विकटन प्लस’मध्ये पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांशेजारी बेड्या घालून बसलेले दाखवणारे व्यंगचित्र आले. यावेळी कोणालाही तुरुंगात टाकण्याची गरज पडली नाही. संस्थेचे सबंध संकेतस्थळच देशभर दिसेनासे झाले. एका चित्रासाठी हजारो पाने. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते खुले करण्याचा आदेश दिला, पण वादग्रस्त चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर. अडतीस वर्षांपूर्वी चित्र बाहेर होते आणि संपादक आत. आता संपादक बाहेर आहेत, चित्र आत आहे.

महाराष्ट्रातही हे घडून गेले आहे. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत भ्रष्टाचारविरोधी आंदोलन चालू असताना असीम त्रिवेदी यांचे व्यंगचित्रांचे संकेतस्थळ पोलिसांच्या पत्रावरून नोंदणीदार कंपनीने बंद केले. खटला नाही, सुनावणी नाही, न्यायालयाचा आदेश नाही. एका खाजगी कंपनीने एका पत्रावर दार लावून घेतले. त्रिवेदींनी चित्रे दुसऱ्या ठिकाणी हलवली, वाघमाऱ्यांनी नाव बदलले त्याच रीतीने. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्या अटकेचा देशभर निषेध झाला, आणि मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कलमाच्या वापरावर पोलिसांना बंधने घालून दिली. अटकेवर निकाल लागला. संकेतस्थळ रातोरात बंद करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही, आणि पुढल्या दशकात तीच पद्धत रूढ झाली.

सरकारच्या हुकमाचीही नेहमी आवश्यकता असते असे नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पुस्तके कोणती, तर जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. हा विनोद कोणी रचला असता तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने परत पाठवला असता. चित्रकथांसाठी २००७ मध्ये निघालेली ‘कॉमिक्सॉलॉजी’ ही सेवा स्वतंत्र चित्रकारांना हक्काची वाटत होती; २०१४ मध्ये तीही अ‍ॅमेझॉनने घेतली, आणि २०२३ च्या अखेरीस तिचे स्वतंत्र ॲप बंद करून सर्व माल आपल्या मोठ्या कोठारात ओतला. जुना मोंढा मोडून माल एकाच व्यापाऱ्याच्या गोदामात जावा, तसे.

मग उदगीरसारख्या गावातल्या कार्यकर्त्याने काय करावे? त्याने कागद सोडू नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते; आणि कागदासाठी ऑफसेटच्या दारात उभे राहण्याचीही गरज नाही. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने गेल्या दोन-अडीच दशकांत जे काम केले ते समजून घेण्यासारखे आहे. गावातलेच लोक, ज्यांनी शाळेनंतर चित्र काढलेले नाही असे, चार चौकटींत आपल्या प्रश्नाची कथा काढतात. टंकलेखनाच्या आकाराचे दोन कागद जोडून एक भित्तिचित्र होते, त्याच्या छायाप्रती काढायच्या आणि पाण्याच्या टाकीवर, एस. टी. थांब्यावर, चहाच्या टपरीवर लावायच्या. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात मुलींच्या हक्कांसाठी अशी मोहीम झाली. खर्च झेरॉक्सच्या दुकानापुरता. चित्र कच्चे असते. पण ते काढणारी बाई गावातली असते, आणि टपरीवर उभे राहून वाचणारा माणूस तिच्याशीच वाद घालतो. दूरध्वनीवर अंगठा फिरवून पुढे जाणाऱ्या वाचकाशी असा वाद होत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावागावांत जे केले त्याचे हे कागदी भावंड म्हणता येईल.

त्याच चार चौकटींचे छायाचित्र काढून ते दूरध्वनीवर फिरवायला कोणाची हरकत आहे? फिरवावेच. उदगीरला त्याचा विशेष लाभ आहे. चित्र एकदा काढले की फुग्यांतला मजकूर मराठीत, उर्दूत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि तांड्यावरच्या गोरमाटीत लिहिता येतो. ‘चांदोबा’ने मद्रासेत बसून जे केले ते आता येथे बसून, आणि उलट दिशेने, करता येईल. येथे एक क्षुल्लक वाटणारी सूचना. फुग्यातला मजकूर चित्रातच मिसळला की यंत्र तो शोधू शकत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचकयंत्र तो वाचून दाखवू शकत नाही. म्हणून संवाद युनिकोडमध्ये वेगळा जोडून ठेवावा. जुन्या डीटीपीच्या फाँटांत जुळवलेला कितीतरी मराठी मजकूर आज नव्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हांचा सडा पडतो, हे गावातल्या प्रत्येक छापखान्याला माहीत आहे. मूळ फाइली दोन-तीन ठिकाणी, आपल्या ताब्यात असाव्यात. केवळ दुसऱ्याच्या फुकट भिंतीवर चित्र चिकटवून घरी जाणे म्हणजे पोथी परक्याच्या घरी ठेवून भिक्षेला निघण्यासारखे आहे.

एप्रिल २०२२ मध्ये याच गावात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. भारत सासणे अध्यक्ष होते. त्याच दिवसांत येथेच विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव पेलणाऱ्या गावाला चित्रकथेचा एक विभाग आपल्या ग्रंथालयांत उभा करणे अवघड नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये आहेत. पण त्या ग्रंथालयाने पडद्यावरची मराठी चित्रकथा विकत घेऊन वाचकाला द्यायची ठरवली तर ती दाखलनोंदवहीत कशी चढवावी, हा प्रश्न ग्रंथपालापुढे उभा राहतो. याहून मोठी त्रुटी केंद्राच्या कायद्यात आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह इतर तीन ठिकाणी पोहोचवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. तो कायदा छापील पुस्तकाचाच विचार करतो. पडद्यावर जन्मलेली चित्रकथा त्याच्या व्याख्येत नाही, म्हणून ती कोठेही जमा होत नाही. या कायद्यात दुरुस्ती व्हावी, सार्वजनिक खर्चाने असा संग्रह व्हावा, आणि छापील आवृत्ती नसलेल्या पुस्तकावरील अठरा टक्के कर रद्द व्हावा, या तीन मागण्या तालुक्याच्या ठरावात घालून आमदार-खासदारांकडे धाडता येतील. ठराव मराठीत असावा, आणि शक्य असेल तर चार चौकटींत.